सात नंबरमधली मोकळी जागा

दवाखान्यासाठी जागा शोधत मी गोंदियालगतच्या कुडव्यात फिरत होते. रस्त्यालगत एक बैठं घर दिसलं. पुढच्या दोन खोल्या बंद होत्या आणि दारावर खडूने ‘किराये से देना है’ असं लिहिलेलं. कडी वाजवल्यावर पंचाहत्तरी ओलांडलेले एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन आणि त्यावर गळ्यात काळा बो-टाय. मी भाडं विचारायच्या आतच त्यांनी मला विचारलं, "टाळी येते का?"

मी म्हटलं, येते की. मग वाजवून दाखवा, म्हणाले आणि पायाने ठेका धरून तोंडाने काहीतरी गुणगुणू लागले. भर दुपारी, अनोळखी माणसाच्या दारात, मी मुकाट्याने टाळ्या वाजवल्या. त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. "बाई, तुमी भजनातल्या आहा. एक अन् तीनच्या ठोक्यावर वाजवून राहिल्या. दोन अन् चारवर पायजे." मी निघायला वळले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, दुकान कशाचं टाकणार. दाताची डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं, क्षणभर विचार केला आणि आत जाऊन किल्ली आणून दिली.

तेव्हापासून ते माझे घरमालक. सगळा कुडवा त्यांना मास्तर म्हणायचा. शाळेतले मास्तर नव्हे, बँडमास्तर. नोकरी त्यांनी रेल्वेत केली आणि लग्नसराईत बँड चालवला. पण या दोन्हींबद्दल विचारलं तर ते दोन वाक्यांत आटोपायचे. त्यांच्या मते ते एकच काम करत होते. गोंदियाचं ‘ज्याज’ सांभाळायचं. जॅझ असा उच्चार त्यांनी कधीच केला नाही, आणि त्यांच्यासमोर मीही हळूहळू ज्याजच म्हणायला लागले.

गोंदियाला ज्याज कुठून आलं, असं नवीन माणसाने विचारलं की मास्तरांना पंख फुटायचे. वाफेच्या इंजिनांचे दिवस होते. स्टेशनापलीकडे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्डांच्या वसाहती होत्या, आणि त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वे क्लबच्या, हॉलमध्ये शनिवारी नाच चालायचा. वाजवणारे पाच-सहा जण, सगळे रेल्वेचेच. ट्रम्पेटवाला होता एक मालगाडीचा गार्ड. शनिवारी त्याचीच ड्युटी लागली की नाचाचा बट्ट्याबोळ व्हायचा. म्हणून त्याने लोको शेडमधला इंजिनं पुसणारा एक विशीचा खलाशी हाताशी धरला आणि त्याला आठ चाली शिकवल्या. कलेचा प्रसार वगैरे काही नव्हतं, त्याला फक्त बदली माणूस हवा होता. तो खलाशी म्हणजे मास्तर. पुढे ती कुटुंबं एकेक करून निघून गेली, नाच थांबला, आणि गार्डसाहेब जाताना ट्रम्पेट मास्तरांकडे ठेवून गेला. कागदावर काहीच नव्हतं, कारण गार्डसाहेबही कानानेच वाजवायचा. चालींची इंग्रजी नावं मास्तरांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी नंबर दिले. एक नंबर, दोन नंबर, असे आठ.

"मुंबईवाल्याईले समुद्र होता, कलकत्त्यावाल्याईले क्लब होते," ते म्हणायचे. "आमाले जंक्शन होतं." ही दोन शहरं आपल्याला वाकून नमस्कार करतात, अशा थाटात ते हे सांगत. मी चिडवायचे की मास्तर, आठच चाली आणि एवढा रुबाब? ते शांतपणे म्हणायचे, सात सुरांत सारं जग चालते, माझ्याजवळ तं एक जास्तच आहे.

आता गोंदियाच्या वरातीत हे आठ नंबर वाजवायचे कुठे? लोकांना सिनेमाची गाणी हवी असतात. मास्तरांनी त्यावर जी तोड काढली ती मला अजून अफाट वाटते. गावात रेल्वेची फाटकं होती आणि वरात हमखास कुठल्यातरी फाटकावर अडायची. मालगाडी जाईपर्यंत नाच थांबायचा, लोक पानाच्या टपरीकडे पांगायचे, घोडीवाला बिडी पेटवायचा. तेवढ्यात मास्तर बँडला बोट दाखवायचे, तीन किंवा पाच, आणि बंद फाटकासमोर, धडधडत्या मालगाडीला, गार्डसाहेबाचं ज्याज ऐकवायचे. एकदा राइस मिलवाल्यांच्या वरातीत नवरदेवाचा काका भडकला. ये क्या बजा रहे हो, म्हणाला, बारात है या मातम. मास्तरांनी त्याला उत्तर दिलं ते अजून इथले जुने बँडवाले सांगतात. "सेठजी, फाटक बंद है तब तक मेरा. खुल गया कि आपका."

तीसेक वर्षं त्यांनी असं केलं. कोणी ऐकत नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. पण बँडच्या माणसांच्या बोटांत त्या चाली राहिल्या, गंजल्या नाहीत. मी अनेक हुशार माणसं पाहिली आहेत, पण असा चिवटपणा नाही पाहिला. पुढे फाटकाच्या जागी पूल झाला, वराती पुलावरून सुसाट जायला लागल्या, आणि वरातींनाही बँडपेक्षा डीजे बरा वाटू लागला. मास्तरांना डीजेचा राग नव्हता. पुलाचा मात्र होता.

तेव्हा त्यांनी पौषातला कार्यक्रम सुरू केला. पौषात लग्नं नसतात, बँडवाले रिकामे असतात, म्हणून दर पौषात एका रविवारी दुपारी शेजारच्या मिलच्या पटांगणात, जिथे एरवी धान वाळत घालतात तिथे, आठही नंबर ओळीने वाजवायचे. बोर्ड स्वतः रंगवायचे. ‘गोंदिया ज्याज. स्थापना : माहीत नाही.’ इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये फरशी बसवली तेव्हा नाचाच्या लाकडी जमिनीची एक फळी त्यांनी सायकलवर बांधून घरी आणली होती. त्या दिवशी ती पटांगणात टाकून, बो लावून, ते तिच्यावर उभे राहून वाजवायचे. ऐकायला यायचे शंभर-दीडशे लोक. त्यातले अर्धे फुकटच्या चिवड्यासाठी यायचे, पण बसायचे शेवटपर्यंत.

आता दाताचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडलं. ट्रम्पेट वाजवताना त्याचं तोंड ओठांवर दाबून धरावं लागतं आणि ओठांना मागून आधार असतो तो समोरच्या दातांचा. मास्तरांचे वरचे समोरचे दोन दात पायरियाने हलायला लागले होते. मला किल्ली का मिळाली ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. त्यांनी माझ्या खुर्चीत बसून आ केला आणि मी आत काही घालायच्या आधीच बजावलं, "पाहा फक्त. काढायचं नाव नाई."

मी तपासलं आणि सांगितलं की काढायला हवेत. साखर आहे, पू वर चढला तर महागात पडेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेळ मागितला. आठ नंबर कोणाच्या तरी तोंडात बसवायचे आहेत, म्हणाले, मग दात काय, जबडा काढा. हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना बारीक तारेने बांधता येतात, काही काळ निभावतं. मला ते पटत नव्हतं. ट्रम्पेट फुंकणाऱ्या माणसाला तर अजिबात नाही. तरी मी बांधले. रुग्णाच्या मोहात डॉक्टरने पडू नये म्हणतात, मी सपशेल पडले होते.

ज्याच्या तोंडात बसवायचे तो बिरसीकडचा एक शेतकरी होता, चाळिशी उलटलेला, घरी पोवारी बोलणारा आणि बाहेर फारसं न बोलणारा. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायचा, बाकीचं वर्ष धानात. संध्याकाळी मोटरसायकलवर यायचा, ट्रम्पेट धानाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, गुंडाळलेला. घरी सराव कुठे करतोस असं मी एकदा विचारलं. बांधावर, म्हणाला. बिरसीला वैमानिकांची शाळा आहे, शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. "वर थे शिकून राहते, खाली मी. कोनी कोनाले नावं ठेवत नाई."

दोन वर्षं त्यांची शिकवणी माझ्या भिंतीपलीकडे चालली. दातात मशीन चालू असताना पलीकडून ट्रम्पेट आला की रुग्ण दचकायचे. मास्तर कधी तोंडाने समजावत नसत. वाजवायचे, आणि म्हणायचे, असं. तो वाजवायचा. पुन्हा असं. सात नंबरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यात चाल चढत चढत जाते, वर पोचते, एक क्षण थांबते आणि मग उतरते. मला ते थांबणंच आवडायचं. मी रुग्णाच्या तोंडातून हात काढून तेवढ्यासाठी थांबायचे.

मग एका सकाळी मास्तर सुजलेलं तोंड घेऊन आले. अंगात ताप, ओठ वर चढलेला. पौषातल्या कार्यक्रमाला वीस-बावीस दिवस राहिले होते. ताप आणि साखर जरा उतरवून मी त्यांना दोन दिवसांनी खुर्चीत बसवलं. या वेळी मी त्यांना वेळ देणार नव्हते आणि त्यांनी मागितलाही नाही. एवढंच विचारलं की नंतर वाजवता येईल का. खोटं बोलायला जीभ वळेना. मी म्हटलं, कवळी लावून काहीजणांना महिनोन्महिने मेहनत करून जमतं, बहुतेकांना नाही, आणि तुमच्या वयात मी शब्द देणार नाही. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग आ केला.

दोन्ही दात निघाले तेव्हा ट्रेमधला एक उचलून त्यांनी उजेडात धरला. "एवढुसा," म्हणाले, "अन् याच्यावर आठ नंबर उभे होते." मी त्या दिवशी बाकीचे रुग्ण परत पाठवले.

पौषातल्या रविवारी फळीवर बिरसीवाला उभा राहिला. मास्तर पहिल्या रांगेत माझ्या शेजारी, तोंडावर मफलर. आयुष्यात पहिल्यांदा ते आपले नंबर समोर बसून ऐकत होते. तो पठ्ठ्या सुरेख वाजवत होता. एक, दोन, तीन, चार. मास्तरांची मान डुलत होती, बोटं मांडीवर चालत होती. लोकांनी त्याला पाच नंबर दोनदा वाजवायला लावला. मग सात आला. चाल चढली, वर पोचली, तो थांबला, श्वास घेतला, आणि उतरला. पटांगणात टाळ्या पडल्या. मास्तरांनी माझं मनगट धरलं होतं, ते इतकं घट्ट की मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं छातीत दुखतंय.

कार्यक्रम संपल्यावर ते सरळ त्याच्याकडे गेले.

"सातमध्ये थांबला काऊन?"

"तुमी थांबता न जी तिथं."

 बँडमधले जुने ड्रमवाले काका खाली बघत झांजेचा स्क्रू पिळत बसले. मला तेव्हा कळलं की काकांना माहीत होतं. सातच्या टोकाला एक उंच सूर होता, सगळ्या चालीतला सगळ्यात उंच. तो घ्यायला ओठ जोरात दाबावे लागत आणि दात दुखत, म्हणून मास्तर तो टाळायला लागले होते. आज दुखतंय, उद्या घेऊ, असं रोज. दोन वर्षांत त्यांनी तो एकदाही घेतला नव्हता आणि बिरसीवाल्याने ती मोकळी जागाच चाल म्हणून शिकून घेतली होती. बँडमधल्या म्हाताऱ्यांना फरक कळत होता, पण मास्तरांना सांगणार कोण?

पुढचे चार दिवस मास्तर घराबाहेर आले नाहीत. मी खिचडी घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. साठ वर्षं जपलं अन् मीच भोक पाडलं, म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. दोन वर्षांपूर्वीच काढू दिले असते, तर हट्टाने दुखऱ्या दातांनी शिकवलं नसतं, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण तसं केलं असतं तर त्यांना शिकवताच आलं नसतं, हेही मला कळत होतं. मी ताट ठेवून परत आले.

पाचव्या दिवशी बिरसीवाला आला. मास्तर उठून बसले आणि फटीतून हवा जाणाऱ्या तोंडाने त्यांनी तो सूर म्हणून दाखवला. त्याने ऐकला आणि ट्रम्पेटवर पहिल्याच फटक्यात घेतला. लख्ख सूर होता. मी पलीकडच्या खोलीतून धावत आले. मास्तरांचे डोळे भरले. हाच, म्हणाले, हाच, आता असंच वाजवजो.

त्याने ट्रम्पेट खाली ठेवला. "वाजवता येते जी. पन मी नाई वाजवत."

"कायले?"

"तिथं तुमचा दम आयकू येते. तो भरला तं तुमी नाई राहत त्याच्यात."

मास्तर खवळले. माझा दम कोनाले पायजे, म्हणाले, चाल गार्डसायबाची आहे, जशी त्याने दिली तशीच पुढे गेली पायजे, नाहीतर एवढं जपलं कशासाठी. बराच वेळ बोलत राहिले आणि बोलता बोलता मध्येच थांबले. तोंड तसंच उघडं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्याले दमा होता."

कोणाला, असं मी विचारलं. "गार्डसायबाले दमा होता," ते पुन्हा म्हणाले. "तीन नंबरमध्ये किती जागी थांबतो आपन? पाचमध्ये?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, सोडून दिली आणि हसायला लागले. समोरचे दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साठ वर्षं ज्याला त्यांनी चाल म्हणून जपलं होतं, त्यातली चाल किती आणि दमा किती, हे सांगायला आता जगात कोणीच उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून तोडगा निघाला तो असा. बिरसीवाला सातमध्ये थांबायचा, आणि तेवढ्या जागेत मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या तो सूर तोंडाने म्हणायचे. मी बनवलेल्या कवळीने ट्रम्पेट वाजला नाही, बरेच महिने झटूनही नाही. पण सूर म्हणता यायचा. पुढच्या दोन पौषांत लोकांनी तो असाच ऐकला. दुसऱ्या वर्षी तर नागपूरहून आलेल्या एका जाणकार बाईंनी ही पद्धत मूळची कुठली म्हणून विचारलं. मास्तरांनी छाती काढून सांगितलं, गोंदियाची.

गेल्या दिवाळीनंतर मास्तर गेले. झोपेतच गेले, बो खुंटीवर होता. दवाखाना अजून तिथेच आहे. पलीकडून आवाज येत नाही, त्याची मला सवय झालेली नाही.

यंदाच्या पौषात कार्यक्रम होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. बिरसीवाल्याने कोणाला न विचारता बोर्ड रंगवून आणला. लोक आले. पहिल्या रांगेत एक खुर्ची आपोआप रिकामी राहिली आणि मी तिच्या शेजारी बसले. सात नंबरला चाल चढली, वर पोचली, तो थांबला. खुर्चीकडे बघत राहिला. इतका वेळ थांबला की ड्रमवाल्या काकांनी काठी हवेतच धरून ठेवली.  मग तो उतरला आणि आठ नंबरही कसाबसा पार पडला.

लोक उठायला लागले तशी मी तावातावाने त्याच्याकडे गेले. आता तरी ती जागा भर, म्हटलं, तुला तो सूर येतो, मास्तरांनाही तोच हवा होता, आता कोणासाठी सोडतोस? त्याने रुमालाने ट्रम्पेट पुसला. माझ्याशी तो नेहमी खाली बघून बोलायचा, आज वर बघितलं.

"म्याडम, दात तुमी काढले. सूर तुमालेच म्हनावा लागन."

मी म्हटलं, मला गाता येत नाही. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, काकांना खूण केली आणि उठलेल्या लोकांना हाताने खाली बसवलं. सात नंबर पुन्हा सुरू झाला.  चाल चढत गेली आणि वर येऊन थांबली. मी तो सूर म्हटला. खाली लागला, ते मलाही कळलं. त्याने मान डोलावली आणि चाल पुढे नेली.